माळ्यावरचे नारळ

दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठत जातात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! मी बोर्ली पंचतनच्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. रोज सकाळी दिवेआगरहून चालत बोर्लीला जायचं, सुया उकळायच्या, मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी डकवायची आणि संध्याकाळी चालत परत यायचं. हसण्यासारखं तिथे पुष्कळ घडलं. पण आज सांगतोय ते किस्से जरा वेगळे आहेत, हसता हसता मध्येच थांबवणारे. वाळलेल्या माणसांचे किस्से.

तेव्हा आमच्याकडे एखादा माणूस उगाच वाळायला लागला की त्याचं निदान बाजारातच होऊन जायचं. खोकत असला तर क्षय, खोकत नसला तर करणी! दोन्हीपैकी काहीही ऐकलं तरी घरची माणसं भीतीने अर्धी व्हायची.

आमचे डॉक्टर साताऱ्याकडचे, उंच, आवाज खणखणीत. ते म्हणायचे, "दत्ताराम, वाळणं हा रोग नाही. ती रोगाने पाठवलेली चिठ्ठी आहे. कुणाकडून आली ते उघडून वाचायला पाहिजे." त्यामुळे कुठलाही पेशंट आला की आधी वजन. बोटाला गळू झालं असलं तरी वजन!

वजनासाठी सुपारीच्या एका व्यापाऱ्याने काढून टाकलेला मोठा काटा डॉक्टरांनी आणला होता. तो आम्ही ओटीच्या तुळईला टांगला. साखळ्यांना लावलेल्या दोन फळ्या. एका फळीवर पेशंट बसायचा, दुसरीवर मी लोखंडी वजनं चढवायचो, रतलाची, म्हणजे आजच्या अर्ध्या किलोला थोडी कमी. येणाजाणारे रस्त्यात थांबून बघायचे आणि आपापला अंदाज ओरडून सांगायचे.

*

सुरुवात धर्मा तांडेलापासून झाली. स्वतःच्या होडीचा मालक, पहाडासारखा माणूस. तीन महिन्यांत असा उतरला की त्याचा सदरा वाऱ्यावर शिडासारखा फडफडायला लागला. बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून आधीच रडत होती. बाजाराने क्षय सांगितला होता.

डॉक्टरांनी छाती तपासली. स्वच्छ. पोट तपासलं. काही नाही. मग म्हणाले, "आ कर." धर्माने आ केला आणि डॉक्टर दोन पावलं मागे सरले! खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडून काळ्या झालेल्या, हिरड्या सुजलेल्या.

"जेवतोस काय?"

"तांदळाची पेज. तीन म्हैने झालं. चावलं की मस्तकापत्तुर कळ जाते."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी वाळण्याचं इचारलं, दातांचं कुटं इचारलंत?"

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात चार दाढा काढल्या. दोन महिन्यांनी धर्मा परत आला तो काटा वाकवत. येताना पापलेटांची टोपली घेऊन आला आणि म्हणाला, "डाक्टर, दात व्हते तवर उपाशी व्हतो. दात गेले आन् जेवाया लागलो!"

*

बोर्लीच्या बाजारात कासमभाईंचं कापडाचं दुकान होतं. गोड माणूस, बोलायला आणि खायलाही. तेही वाळायला लागले. आश्चर्य म्हणजे जेवण दुप्पट झालेलं! दुकानात पाण्याचा माठ शेजारी घेऊन बसायचे आणि गिऱ्हाईक निम्मं बोलत असताना उठून मागे जायचे. दर दोन महिन्यांनी स्वतःचीच शेरवानी आत घ्यायला शिंप्याकडे द्यायचे.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "कासमभाई, तुम्ही लघवीला बसता तिथे मुंग्या येतात का?"

कासमभाईंचा चेहरा उजळला. "येतात ना! रांग लागते. मुंग्या म्हंजे बरकत, डॉक्टरसाहेब. बीबी रोज तिथं चिमूटभर साखर टाकते."

"बीबींना सांगा, साखर टाकू नका," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही टाकताय तेवढी पुरे आहे!"

पुढे त्यांना रोज इन्सुलिन टोचायचं काम माझ्याकडे आलं. सुई बघितली की ते डोळे मिटून अल्लाचं नाव घ्यायचे, आणि खरं सांगतो, त्यांच्याइतकी भीती मलाही वाटायची. औषध जास्त गेलं तर माणूस डोळ्यांदेखत कोसळतो, असं डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं.

*

काशिनाथचा किस्सा सांगताना मात्र मी अजून जपून बोलतो. मुंबईला गिरणीत कामाला होता, लग्न ठरलेलं, आणि संध्याकाळचा ताप घेऊन गावी आला. त्याला खराच क्षय होता. नशीब असं की तोवर इंजेक्शनं निघाली होती. डॉक्टरांनी अट घातली, रोज इंजेक्शन, दर मंगळवारी वजन, आणि वजन चांगलं भरेपर्यंत गिरणी बंद आणि लग्नही बंद.

पहिले तीन मंगळवार वजन उतरत गेलं. चौथ्या मंगळवारी एकदम वाढलं! पाचव्या मंगळवारी आणखी. मी आनंदाने ओरडलोच. डॉक्टर मात्र काशिनाथच्या गालांकडे बघत राहिले.

"सदरा काढ आणि बस."

त्याने सदरा काढून खुंटीला लावला आणि खुंटी निखळून खाली आली! खिशातून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओटीभर घरंगळल्या. डॉक्टरांनी शांतपणे त्या गोळा करायला लावल्या, फळीवर ठेवल्या, तोलल्या. मग काशिनाथला तोललं.

"शिसं सव्वादोन रतल वाढलं," ते म्हणाले, "आणि तू दीड रतल उतरलास. इंजेक्शन कुणाला देऊ?"

काशिनाथ ओंजळीत तोंड झाकून रडला. मुलीकडचे दुसरं स्थळ बघतील ही त्याला धास्ती होती. डॉक्टर स्वतः मुलीच्या बापाला जाऊन भेटले. दीड वर्ष लागलं, पण लग्न त्याच मुलीशी झालं. त्या दिवशी मात्र मी मनाशी पक्कं केलं की माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही. हा माझा विश्वास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता बायकांची गोष्ट. बायका काट्यावर बसेनात! लोखंडी वजनांनी सुपारी तोलायची, मासळी तोलायची. त्याच वजनांनी बाईमाणसाला तोलायचं? एक म्हातारी मला म्हणाली, "मेल्या, मी काय इकायला आलेय?" डॉक्टर वैतागले. वजनाशिवाय त्यांचं पान हलायचं नाही.

तेव्हा अक्कल चालली ती माझी. आमच्याकडे नवस फेडताना देवळात माणसाची तुला करतात. पोर आजारातून उठलं की त्याच्या भारंभार गूळ नाही तर नारळ देवीला. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, बायकांना नारळांनी तोलू या. नारळांसमोर बसायला कुणी नाही म्हणणार नाही."

डॉक्टर खूश! होळीच्या सुमारास बाजारातून एकाच मापाचे सव्वाशे नारळ निवडून आणले. जुन्या मासळीच्या जाळ्याचे तुकडे करून मी पाच-पाच नारळांची गाठोडी बांधली आणि सुट्या दहाबाराची वेगळी टोपली ठेवली. तोलून झालं की सगळा ऐवज माळ्यावर चढवायचा, कुणी उचलून आमटीत घालू नये म्हणून. माळ्याखालीच आमचा स्टोव्ह. त्यावर दिवसभर सुयांचं पाणी उकळत असायचं.

बायका रांगेने यायला लागल्या. केसपेपरवर मी ऐटीत लिहायचो, 'वजन: त्र्याहत्तर नारळ.' पहिल्या दिवशी हौसेने मी माझ्या बायकोलाही बसवलं. शेवंती सत्तर नारळ भरली.

*

आणि मग चमत्कार झाला. डॉक्टर अशक्त बायकांना लोहाचं एक तांबडं टॉनिक द्यायचे. दर महिन्याला बायका वाढायला लागल्या! त्र्याहत्तरची अठ्ठ्याहत्तर झाली, अठ्ठ्याहत्तरची त्र्याऐंशी. टॉनिकची कीर्ती श्रीवर्धनपर्यंत गेली. बैलगाडीतून बायका येऊ लागल्या. एक सासू तर तक्रार घेऊन आली, "डाक्टर, सुनंचं नारळ वाढत्यात, पन काम वाढत न्हाय!"

फक्त एक बाई तसूभर हलत नव्हती. माझी शेवंती. चैत्रात सत्तर, ज्येष्ठात सत्तर, श्रावणात सत्तर. मला शरमच वाटायची. कंपाउंडरच्याच बायकोला टॉनिक लागू पडेना! मी तिला दुप्पट डोस पाजायला सुरुवात केली.

आणि शेवंती खात नव्हती असं नाही. पूर्वी दोन भाकऱ्यांत उठायची, ती आता चार खायची आणि तासाभराने टोपल्यात परत हात घालायची. कामाला तर अशी लागली होती की बघणाऱ्याला दम लागावा. विहिरीवरून आली की वाडीत, वाडीतून आली की जात्यावर. शेजारणी म्हणायच्या, "दत्तूची बायको म्हंजे वारा हाय नुसता!" मी कौतुकाने फुगायचो.

पण बांगड्यांचं काय करायचं? पूर्वी कासारीण साबण लावून चढवायची त्या बांगड्या भांडी घासताना आपोआप गळून पडायला लागल्या. श्रावणात सगळं घर पावसाने गारठलेलं असायचं, तेव्हा ही दारात ओल्या वाऱ्यात बसून म्हणायची, "मला उकडतंय." चहाचा कप द्यायची तो बशीत वाजायचा. आई म्हणाली, "दत्तू, खाल्लेलं हिच्या अंगाला का लागत न्हाय? डाक्टरला दाव."

डॉक्टरांनीही एकदा तिला बाजारात ओझरतं बघितलं आणि मला म्हणाले, "एकदा तपासायला आण रे."

मी काय केलं? संध्याकाळी पेशंट गेल्यावर तिला काट्यावर बसवलं आणि सत्तर नारळ मोजले. फळ्या समान. मी डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, रतलभरही कमी नाही." आईलाही तेच सांगितलं. शेवंतीला म्हटलं, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." मला आतून धाकधूक होत होती, पण धाकधूक झाली की मी तिला पुन्हा तोलायचो, आणि सत्तर आकडा बघून मला झोप लागायची.

*

दसऱ्याला दवाखान्यात हत्यारांची पूजा असायची. सिरिंजा, चिमटे, काटा, सगळ्यांना झेंडूची फुलं. त्या दिवशी पूजेला आणलेला नारळ नासका निघाला. मुहूर्त टळेल म्हणून मी माळ्यावरच्या टोपलीतला एक नारळ काढला आणि पायरीवर फोडला.

पाण्याचा थेंब निघाला नाही. करवंटी दुभंगली आणि आतून खोबऱ्याचा सुका गोळा टुणकन उडून डॉक्टरांच्या पायाशी गेला!

"अपशकुन!" कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी तो गोळा उचलला, हातात फिरवला. मग माळ्याकडे बघितलं, खाली स्टोव्हकडे बघितलं. त्यांनी पाच नारळांचं एक गाठोडं काढून लोखंडी वजनांसमोर टांगलं. होळीला याच गाठोड्याचं वजन त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. रतलामागे जवळजवळ पाव रतल उडून गेलं होतं.

बायका वाढल्याच नव्हत्या. नारळ वाळले होते!

बाकीचे पोट धरून हसायला लागले. टॉनिक, टॉनिक म्हणून कुणी टाळी दिली. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. सगळ्यांचे नारळ वाढले, शेवंतीचे वाढले नाहीत. मी तिथेच पायरीवर बसलो. डॉक्टरांचं हसू माझ्याआधी थांबलं होतं.

"दत्ताराम," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला आत्ता घेऊन ये."

*

त्या दिवशी शेवंती लोखंडी वजनांसमोर निमूट बसली. भिंतीवरच्या आकड्याने हिशेब केला तर होळीला ती शंभर रतल होती. अठ्ठ्याहत्तर भरली.

डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा केसपेपर ठेवला. कागद थरथरायला लागला. वारा नव्हता, दार लावलेलं होतं. मग त्यांनी तिची नाडी धरली, डोळ्यांत बघितलं, गळ्याला हात लावून पाणी गिळायला सांगितलं.

"क्षय नाही. करणी तर नाहीच," ते म्हणाले. "गळ्यात एक ग्रंथी असते, ती सुटल्यासारखी चालली आहे. चूल सारखी फुंकत राहावी तसं. जेवढं खाते तेवढं जळून जातं. मुंबईला न्यावं लागेल. आता दिवस घालवायचे नाहीत."

शेवंतीने पहिल्यांदा तोंड उघडलं. मला म्हणाली, "म्हंजे मनाचे खेळ नव्हते ना?"

मी वजनं उचलून कोपऱ्यात ठेवायला लागलो.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. ती शेवंतीला जवळ घेऊन बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वाडीत जल्मलास. चुलीवरच्या माळ्यावर नारळ सुकतो ह्ये तुला ठावं न्हाय? साताऱ्याच्या माणसाला ठावं नसंल, तुला न्हाय?"

ठाऊक होतं हो! आमच्या घरी खोबरं त्याच माळ्यावर तयार व्हायचं. पण एकदा नारळाचं वजन झालं म्हटल्यावर तो मला नारळ दिसेनासाच झाला होता. चूक माझी होती, आणि ती मी आजही दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

*

दिघीहून बोटीने शेवंतीला मुंबईला नेलं. परळला मावशीकडे राहिलो. आधी दोन महिने गोळ्या, नाडी ताळ्यावर आली तेव्हा गळ्याचं ऑपरेशन. ज्या सकाळी तिला आत नेलं, त्या सकाळी मी बाहेरच्या बाकावर बसून नखं कुरतडत होतो आणि मनात एकच हिशेब घोळत होता, श्रावणातच आणली असती तर, आषाढातच आणली असती तर. ती बाहेर आली, गळ्याला पट्टी, आणि खुणेने पाणी मागितलं. मी चमच्याचमच्याने पाजलं.

गावी परतल्यावर डॉक्टर दर पंधरा दिवसांनी तिला लोखंडी वजनांनी तोलायचे. मी तेव्हा मागच्या दारी जाऊन उभा राहायचो. काट्याकडे बघायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. "आकडा सांगू का?" डॉक्टर विचारायचे. मी नको म्हणायचो. शेवंतीही नुसती हसायची.

तोवर आईने मला न विचारता गावदेवीला नवस बोलून ठेवला होता. सून बरी होऊन आली की तिची नारळांनी तुला!

*

चैत्रात तुला ठरली. आता पळायला जागा नव्हती. देवळात गुरवाने काटा बांधला. तो आमच्याच दवाखान्यातला, डॉक्टरांनी बैलगाडीत घालून पाठवलेला, आणि पाठोपाठ स्वतःही आलेले. धर्मा तांडेल आला, कासमभाई देवळाबाहेर पारावर बसले. नारळ आईने त्याच सकाळी विहिरीजवळच्या माडांवरून उतरवून घेतले होते आणि मोठ्यातला मोठा एकेक स्वतः निवडून सोलून घेतला होता.

शेवंती नवी हिरवी साडी नेसून फळीवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले होते. गुरव दुसऱ्या फळीवर नारळ ठेवू लागला आणि सगळे मोठ्याने मोजू लागले. चाळीस. पन्नास. साठ. शेवंतीची फळी हलली. बासष्ट. त्रेसष्ट. ती जमिनीपासून वर उचलली गेली. चौसष्टाव्या नारळाला दोन्ही फळ्या समान झाल्या आणि गुरवाने हात वर केला.

"चौसष्ट!"

लोकांनी देवीचा जयजयकार केला. मला मात्र तो ऐकूच आला नाही. सत्तराची चौसष्ट! "आई," मी म्हणालो, "सहा कमी भरले गं! पुन्हा मोजा, सहा कमी भरले!"

जयजयकार थांबला. शेवंती फळीवरून माझ्याकडे बघत होती. डॉक्टर काही बोलणार होते, पण आईने त्यांना हाताने थांबवलं. तिने फळीवरचा सगळ्यात वरचा नारळ उचलला, माझ्या कानाशी आणला आणि हलवला.

आत पाणी डचमळलं.

आणि समोर शेवंतीची फळी हळूच खाली आली. तिचे पाय पुन्हा जमिनीला टेकले.